जाळ्याचा आस आणि उद्याची मासळी

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा जलाशय, म्हणजे यशवंतसागर, नदीकाठच्या मच्छीमारांचे आणि जमिनी पाण्याखाली गेलेल्या अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन बनला. शेतातील पिकाप्रमाणेच जलाशयातील मासळी हेही पीकच होय. बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यास पुढे सुगी लाभत नाही. हाच नियम पाण्यासही लागू आहे.

कटला, रोहू व मृगळ या मौल्यवान जाती. कटला पृष्ठभागाजवळील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळाशी असलेले खाद्य खातो. त्यामुळे तिन्ही जाती एकाच पाण्यात सुखाने वाढतात. परंतु त्यांची वीण पावसाळ्यात वाहत्या पाण्यात होते, साचलेल्या पाण्यात होत नाही. म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या वर्गातील माशांचे प्रजनन घडविले आणि बीजाचा प्रश्न पुष्कळ सुकर झाला.

चिलापीची गोष्ट निराळी आहे. ती साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा विते, दाटी करते आणि मग तिची वाढ खुंटते. ती पकडणे हिताचेच आहे. परंतु तिच्यासाठी लावलेल्या बारीक आसाच्या जाळ्यात कटला-रोहूची पिलेही अडकतात. खरे नुकसान येथेच होते.

याचा हिशेब सोपा आहे. पन्नास ग्रॅम वजनाची वीस पिले पकडली, तर एक किलो मासळी हाती येते आणि तिला भावही कमी मिळतो. तीच पिले वाढू दिली, त्यांतील निम्मी मेली आणि उरलेली दहा केवळ अर्धा-अर्धा किलोची झाली, तरी पाच किलो मासळी मिळते.

मच्छीमार बांधवांनी व सहकारी संस्थांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. बारीक आसाची जाळी वापरू नयेत. फेकजाळ्यात आलेली कटला-रोहूची जिवंत पिले तत्काळ पाण्यात सोडावीत.

२. पावसाळ्यात नदी व ओढ्यांच्या मुखाशी आडवी जाळी लावून विणीस जाणाऱ्या माशांची वाट अडवू नये.

३. जलाशयात सुमारे १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडावी. त्याहून लहान बीज मरळ, वाम यांच्या भक्ष्यस्थानी सहज पडते.

४. बीज सकाळी अथवा सायंकाळी सोडावे. प्राणवायू भरलेल्या पिशव्या प्रथम पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवाव्यात व दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाल्यावरच उघडाव्यात.

एकट्याने नियम पाळून भागत नाही. एकाने सोडलेले पिलू दुसऱ्याच्या जाळ्यात सापडते. म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी काठावरील सर्व गावांच्या मच्छीमारांस एकत्र बसवून जाळ्याचा आस एकमताने ठरवावा. जलाशय सर्वांचा आहे. त्याची राखणही सर्वांनीच केली पाहिजे.