साखरेचा आजार आणि मनाचा धीर

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. तो आम्हालाही आहे. उपाशीपोटी रक्त तपासले, तेव्हा साखर १९० निघाली. निरोगी माणसाची ती १०० च्या आत असते. १२६ किंवा जास्त आली, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह आहे असे समजतात.

आम्हाला राग आला. दारू नाही, तंबाखू नाही, मग आम्हालाच का? तरी वर्षभर पथ्य पाळले. मग कंटाळलो. रोज त्याच गोळ्या, आणि आजार काही जात नाही! गुपचूप गोळ्या सोडल्या. घरात कुणाला बोललो नाही.

फार दिवस साखर वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. आमच्या पायात काच गेली, ती कळलीच नाही. जखम चिघळली. नातीने पाहिले, म्हणून पाय वाचला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, मुलगा एकदा नापास झाला, तर तुम्ही त्याचे नाव शाळेतून काढत होता का?" आम्ही मान खाली घातली.

तेव्हा मंडळी, आम्ही शिकलो ते ऐका.

आजार लपवू नका. घरात सांगा. सगळ्यांच्याच ताटात भाजी-डाळ वाढली, भात कमी झाला, तर पथ्य जड वाटत नाही.

एकदम सगळे बदलू नका. आधी जेवणानंतर थोडे चाला. ते अंगवळणी पडले, की पुढचे धरा.

लग्नात लाडू खाल्ला? हळहळत बसू नका. पुढच्या जेवणापासून पथ्य धरा. एका दिवसाच्या आकड्याने खचू नका. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी असते. ती करून घ्या.

गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. रोज रात्री पायाचे तळवे पाहा.

आणि दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणे नको वाटते, असे झाले तर लगेच डॉक्टरांना सांगा. मनाच्या दुखण्यालाही औषध आहे. त्यात लाज कसली?

आमचा आजार गेलेला नाही. पण जखम भरली. आता रोज संध्याकाळी आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातो. नात बरोबर असते. एखाद्या दिवशी आम्ही कंटाळा केला, तर तीच आमच्या चपला पुढे आणून ठेवते.