न दिसणाऱ्या विजेची काटकसर

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणाऱ्या निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला, तेव्हा पाणी जपून वापरा असे नागरिकांना सांगावे लागले नाही. पिंपातील पातळी पाहूनच घरोघर दिवसाचा बेत ठरत होता. हीच माणसे विजेच्या बाबतीत मात्र बेफिकीर असतात, असा आरोप वारंवार होतो. तो पुरता खरा नाही. पिंपातले पाणी डोळ्यांना दिसते, वीज दिसत नाही. तिचा हिशेब महिन्याने, एका बेरजेच्या रूपात हाती येतो. वाण्याने एकाही जिनसाचा भाव न लिहिता यादीखाली केवळ एकूण रक्कम मांडावी, तसा हा प्रकार होय.

साहजिकच माणूस जे दिसते त्यावर काटकसर करतो. रिकाम्या खोलीतला दिवा दिसतो. त्यावरून मुलांना बोलणी बसतात. वस्तुतः नऊ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट वीज खाण्यास एकशे अकरा तास घेतो. शेजारच्या खोलीतला दीड-दोनशे वॅटचा कूलर तेवढी वीज पाच ते सात तासांत संपवितो. साठ वॅटच्या जुन्या बल्बच्या काळात लागलेली शिस्त तशीच राहिली आणि खर्च मात्र दुसरीकडे सरकला.

अर्थात वैदर्भीय मे महिन्यात कूलर ही चैन नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या उपदेशकांनी ध्यानात घेतलेले बरे! तथापि त्याला प्रतिष्ठाही चिकटली आहे. पाहुणा आला की कूलर लावणे हे आतिथ्य, आणि तो उठण्यापूर्वी बंद करणे हा कद्रूपणा. एरवी काटकसरीचा भार बहुधा गृहिणीवर पडतो. नवे उपकरण कोणते घ्यावे हे ठरविताना मात्र तिचे मत शेवटी विचारले जाते.

शेजाऱ्याचा प्रभाव किती खोल असतो, याचा एक प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. परिसरातील सरासरी वापर कळविताच जास्त वीज वापरणाऱ्यांनी तो कमी केला. परंतु कमी वापरणाऱ्यांनी वाढविला. आपण उगाचच मन मारीत होतो, असे त्यांना वाटले असावे. आकड्याशेजारी शाबासकीदाखल हसऱ्या चेहऱ्याचे चित्र काढले, तेव्हा ही वाढ थांबली. पैशांपेक्षा चारचौघांतील स्थान मोठे ठरले.

आणखी एक अडसर भाड्याच्या घराचा. वाघापूर, लोहारा भागात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी वा कारकून सुमारे तीस वॅटचा नवा पंखा विकत घेत नाही, कारण घर त्याचे नव्हे. घरमालक पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा बदलीत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. त्या पंख्याचा ठोकळेवजा रेग्युलेटर वेग कमी करतो खरा. पण वाचल्यासारखी वाटणारी बरीचशी वीज स्वतःच तापून उधळतो. या व्यवहारात कोणाचाही स्वभाव वाईट नसतो, तरी वीज वाया जाते.

म्हणून 'वीज वाचवा' ही घोषणा भिंतीवर रंगविण्यापेक्षा शाळेतील मुलाला एक वही द्यावी. रात्री निजताना आणि सकाळी उठल्यावर त्याने मीटरचा आकडा तीत टिपावा. आठ दिवस कूलर लावून आणि पावसाळ्यात आठ दिवस त्यावाचून नोंदी झाल्या, की कूलर किती वीज घेतो ते पिंपातल्या पाण्याइतके घरात सर्वांना दिसेल. मात्र त्यासाठी मीटर जिन्याखालच्या कुलूपबंद पेटीत असता कामा नये.