झाडावरची रोषणाई: ऐकीव काय, खरं काय

नवरात्र आलं की मुंबईतल्या बोरिवली-घाटकोपरच्या सोसायट्यांत, नाताळात आय. सी. कॉलनीत, गेटाजवळच्या झाडावर माळा चढतात. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणही सुरू होतं. त्यात दोन्ही बाजू ठामपणे बोलतात आणि दोघांचंही निम्मं चुकलेलं असतं.

‘दिवे पालिकेनेच लावले होते, मग चालतं की!’ जी-२० बैठकांच्या वेळच्या सुशोभीकरणात पालिकेने रस्त्याकडेची झाडं दिव्यांनी मढवली हे खरं. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं, २०२४ मध्ये न्यायालयाने मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर महापालिकांकडे उत्तर मागितलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला सांगितलं.

‘आमच्या कंपाउंडमधलं झाड, आमची मर्जी.’ तसं नाही. १९७५चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे. त्यात वृक्षतोडीच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. खिळे ठोकून माळ बसवणाऱ्या डेकोरेटरला हे एकदा सांगून ठेवावं.

आता सगळ्यात लाडका मुद्दा: ‘एलईडी थंड असतात, झाडाला काय होणार?’ जुन्या बल्बांच्या मानाने ते थंड असतात, हे कबूल. पण झाडाला प्रकाशाचं जे कळतं त्याचा उष्णतेशी संबंध नाही. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्याच्या मदतीने रात्र किती लांब आहे हे झाड ओळखतं आणि त्यावर बऱ्याच जातींचा फुलोरा ठरतो. शेवंतीला रात्री थोडा वेळ जरी उजेड दाखवला तरी तिचं फुलणं लांबवता येतं. उलट ड्रॅगन फ्रूटला हंगामाबाहेर फुलवायला शेतकरी रात्री बागेत दिवे लावतात. तिथे तेच तंत्र म्हणून वापरायचं आणि गेटाजवळच्या झाडाला मात्र काही कळत नाही म्हणायचं, हे जमत नाही.

‘रात्रीही उजेड मिळाला तर झाड जास्त अन्न बनवेल’ हाही भाबडेपणाच. अन्न बनवायला माळेचा उजेड फारच तोकडा, पण दिवस-रात्रीचं गणित चुकवायला तो पुरू शकतो. ब्रिटनमधल्या तेरा वर्षांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये दिसलं, की रात्री उजेड असलेल्या भागांत झाडांच्या कळ्या साडेसात दिवसांपर्यंत लवकर फुटतात. ती थंड हवेतली झाडं. आपल्या गुलमोहराचं नेमकं तसंच होईल असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या बाजूचीही अतिशयोक्ती आहे. ‘चार रात्री दिवे लावले की झाड मरतं’ असं काही नसतं. काढायची राहून गेलेली तार त्याहून वाईट. खोड दरवर्षी जाड होतं, तार होत नाही. ती सालीत रुतते, आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या वाहिन्या त्या सालीतच असतात. मुळं उपाशी राहायला लागतात आणि वर पानं हिरवी असेपर्यंत खाली काय चाललंय ते कुणाच्या लक्षात येत नाही.

झाडावर राहणाऱ्यांचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. मुलुंड आणि बोरिवली राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहेत. तिथली वटवाघळं, घुबडं, रातकिडे यांचा दिवस रात्रीच सुरू होतो, आणि झाडावरचा उजेड नेमका तेव्हाच आडवा येतो.

आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न. ‘तीन व्होल्टचे तर दिवे!’ एकेका एलईडीला तेवढंच लागतं, पण अॅडॉप्टर नसलेल्या स्वस्त माळेत ते ओळीने जोडून थेट २३० व्होल्टवर चालवतात. टेप लावलेला सांधा भिजला किंवा तार सोलवटली, तर धक्का बसतो तो २३०चा. ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निश्चिंत राहू नये. तो शॉर्टसर्किट आणि जादा भार ओळखतो. माणसाच्या अंगातून जीव घेण्याइतका वीजप्रवाह गेला तरी तो पडेलच असं नाही. त्यासाठी गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि जुन्या इमारतींच्या मीटरखोलीत तो बऱ्याचदा नसतोच.

माळा गेटावर, कठड्यावर किंवा बांबूच्या कमानीवर लावाव्यात, उघड्यावर टिकणाऱ्या घ्याव्यात आणि रात्री दहा-अकराला टायमरने बंद कराव्यात. डेकोरेटरचं शेवटचं बिल मात्र सगळ्या तारा उतरल्या हे पाहिल्यावरच द्यावं.