उंचावलेला ट्रक आणि चाकांचे तीन कोन

अमेरिकेंत ट्रकाची एक धाकटी जात घरोघर आढळते. पुढें माणसें बसावयाची आणि मागें उघडा हौदा, अशा या गाडीस तेथें पिकप म्हणतात. यूटा राज्यांतील मोआबसारख्या खडकाळ वाटांवर जावयाचें तर मोठीं चाकें हवींत, आणि तीं मडगार्डास घासूं नयेत म्हणून गाडीचें अंग वर उचलावें लागतें. कोणी दोन इंच उंची वाढवितात, कोणी चार, कोणी सहा. वाढलेली उंची सर्वांस दिसते. तिच्यामुळें चाकांचे कोन बदलले, हें मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ते कोन पुन्हा जागीं आणणें म्हणजेच व्हील अलाइनमेंट.

हे कोन तीन. पहिला टो. कोणी चवडे आंत वळवून चालतो, कोणी बाहेर फांकवून. तसेंच पुढील चाकांचें असतें. दुसरा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहतां चाकाचा माथा आंत अगर बाहेर किती कलला आहे तें. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढील चिमटा सरळ उभा नसून मागें कललेला असतो, हें आपण पाहिलेंच असेल. ट्रकाचें चाक ज्या अक्षाभोंवतीं वळतें, तोहि तसाच मागें कलता असतो. वळण संपल्यावर सुकाणूं आपण होऊन सरळ होतें, तें मुख्यत्वें यामुळें.

एक लहानसें गणित करूं. चाकाचा व्यास ८० सेंटिमीटर आहे, आणि दोन चाकांमधील अंतर मागच्यापेक्षां पुढें ८ मिलिमीटरांनीं कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाक ८०० मध्यें ४, अर्थात् २०० मध्यें १, इतकें तिरपें झालें. एक किलोमीटर धांवतांना तें सुमारें ५ मीटर आडवें घासतें. हजार किलोमीटरांत ५ किलोमीटर! टायर अकालीं कां झिजतात याचें उत्तर या भागाकारांत आहे.

आतां उंची वाढली म्हणजे काय होतें? भिंतींत एक टोंक खिळलेली काठी आडवी धरा आणि तिचें मोकळें टोंक खालीं सोडा. तें खालीं जातां जातां भिंतीकडेहि सरकतें. ज्या ट्रकांत पुढें एकसंध आंस असतो, तेथें आंसाला सांगाड्याशीं जोडणारी आडवी दांडी असेंच करते. सारा आंस एका बाजूस ओढला जातो. पुढेंमागें जाणाऱ्या दांड्या खालीं झुकून त्याच आंसाला किंचित् फिरवितात आणि कॅस्टर कमी होतो. मग भरधांव रस्त्यावर गाडी भरकटूं लागते. ज्यांत प्रत्येक चाकाचे हात निरनिराळे असतात, अशा गाड्यांत तर तिन्ही कोन एकदम बदलतात.

उपायाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सांधे सैल नाहींत ना, टायरांत हवा सारखी आहे ना, हें पाहावें. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतांनाच शेवटचे आवळावे. अधांतरीं आवळले तर रबर पिळलेलें राहतें. आंस बाजूस सरकला असेल, तर आडव्या दांडीची लांबी बदलून तो मध्यावर आणावा. नंतर कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटीं टो. कारण पहिले दोन हलविले कीं तिसरा आपोआप बदलतो. जुन्या भागांनीं कोन जुळत नसेल, तर नव्या मापाचे हात अगर दांड्या घालाव्या लागतात. नुसतें यंत्र लावून भागत नाहीं.

सुकाणूं मध्यावर असणें ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. अमेरिकेंत २०१२ च्या मॉडेलपासून १०,००० पौंडांपर्यंतच्या मोटारी व हलके ट्रक यांत तोल सांभाळणारी विद्युत्-यंत्रणा सक्तीची आहे. सुकाणूं तिरपें राहिलें आणि तें दाखविणारा सेन्सर पुन्हा जुळविला नाहीं, तर गाडी सरळ जात असतां ती वळते आहे असें या यंत्रणेस वाटूं शकतें, आणि नको तेव्हां एखाद्या चाकास ब्रेक लागूं शकतो.

आणखी एक इशारा. खड्ड्यावरून जातांच पुढील आंस थडथडां हादरूं लागतो, त्यास तिकडील चालक डेथ वॉबल म्हणतात. त्याचें मूळ बहुधा सैल सांध्यांत असतें. यंत्रानें छापलेल्या कागदावर तिन्ही आकडे हिरवे आले, तरी तो दोष तसाच राहूं शकतो. उभ्या गाडीचें माप हें धांवत्या गाडीचें प्रशस्तिपत्र नव्हे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरबदलांस आळा घालतें. तेव्हां केवळ हौसेखातर अशा खटपटीस लागण्यापूर्वीं कायदा पाहणें बरें. पण मूळ उंचीच्या मोटारीलाहि हेच तीन कोन असतात. सपाट, सरळ रस्त्यावर सुकाणूं वांकडें धरावें लागत असेल, अगर टायर एकाच कडेनें झिजत असेल, तर गाडी आपल्याला कांहीं सांगत आहे असें समजावें, आणि नवा टायर घेण्यापूर्वीं कोन मोजून घ्यावेत.