तान्ह्या बाळाची धाप अंगावर काढू नका

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात धापा टाकणारी तान्ही बाळे येऊ लागतात. "डॉक्टरसाहेब, दोन दिवस नुसती सर्दी होती, कालपासून पोट उडते," असे आई सांगते. या आजाराला ब्रॉंकिओलायटिस म्हणतात. फुफ्फुसातील बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने भरतात आणि श्वास जड होतो. बहुधा आरएसव्ही नावाचा विषाणू याला कारण असतो.

बहुतेक बाळे घरीच बरी होतात. परंतु तीन महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा जन्मतः हृदयविकार असलेली बाळे लवकर गंभीर होतात. चुलीचा आणि विडीचा धूर त्यात भर घालतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार, २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ३६ लाख बालके आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल झाली आणि १ लाखावर दगावली. त्यांतील सुमारे ४५ हजार सहा महिन्यांच्या आतील होती. रुग्णालयात एक बालक दगावले, तर रुग्णालयाबाहेर सुमारे तीन! शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात डॉ. आशिष सातव व सहकाऱ्यांनी खेड्यांतील दोन वर्षांखालील मुलांमध्ये याच विषाणूचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून पालकांनी श्वास मोजायला शिकावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास ही धोक्याची सूचना होय. बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे, कण्हणे, दूध न ओढणे, ओठ निळसर होणे, मध्येच श्वास थांबणे किंवा बाळ मलूल पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रात्रीसुद्धा थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात प्राणवायू आणि गरजेनुसार नळीने दूध किंवा सलाईन देतात. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, तेव्हा इंजेक्शनचा आग्रह नको. पोटावर डागण्या तर मुळीच देऊ नयेत.

घरी अंगावरचे दूध थोडे थोडे, वारंवार पाजावे. सर्दी झालेल्यांनी हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. रिसोड असो की मानोरा, गाव दूर असेल तर सकाळची वाट पाहणे बाळाला परवडणारे नसते.