कोयत्याला खोळ

आजचा विषय तळहाताएवढा आहे: धारदार पात्यावर घालायची कातड्याची खोळ. म्यान नव्हे, खोळ. हा फरक आधी स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

धाराशिव जिल्ह्यात म्यान म्हटलं की भवानी तलवारच डोळ्यांपुढे येते. तुळजापूर याच जिल्ह्यात, नळदुर्ग आणि परंडा हे किल्लेही इथलेच. तलवारीचं म्यान म्हणजे बहुधा लाकडाच्या दोन फळ्या, वरून कातडं किंवा मखमल, टोकाला धातूची टोपी. पातं टोकाकडून आत सरकतं आणि मुठीपर्यंत झाकलं जातं. म्यान कंबरेला लटकवायचं असतं, कारण तलवार झटकन उपसायची असते. खोळ यातलं काहीच करत नाही. ती फक्त धार झाकते. पात्याची पाठ उघडीच राहते, वरून एक वादी येते आणि टिचबटणाने बसते. ती कंबरेला लागत नाही. काम सुरू करताना काढायची, काम संपलं की घालायची.

आता कुणी विचारेल, आपल्याकडे इतकी वर्षं विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी आहेत. मग खोळ कधी कुणी पाहिली का? फारशी नाही. आणि आम्हाला यातलं 'का नाही' हेच जास्त रंजक वाटतं.

आपल्या घरांमध्ये धारेला आवरण नव्हतं, जागा होती. खुरपं कुडात खोचलेलं. विळा आढ्याला, लेकरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. स्वयंपाकघरातली विळी काम झालं की आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. उभी राहिली तर आजी ओरडणार. कोकणात कोयता कंबरेच्या आकडीत अडकवून माणूस माडावर चढतो, तिथेही आकडी ही जागाच आहे, आवरण नव्हे. घर स्थिर असेल, तर जागा हीच उत्तम सुरक्षा. तिला खर्च नाही, ती कुजत नाही, हरवत नाही.

पण ज्याचं घरच सहा महिने हलतं त्याचं काय?

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला माणसं निघतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. माणूस मोजण्याचं माप म्हणून ज्या अवजाराचं नाव वापरलं जातं, त्या अवजाराला ठेवायला मात्र जागा नसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, धान्याचं पोतं, एखादी शेळी, वर लेकरं, आणि त्याच गाठोड्यात दोन-तीन कोयते. पुढे फडाजवळ कोपी उभी राहते. कोपीला आढं असतं, पण ते हात उंचावला की लागतं; लेकरालाही लागतं. पहाटे अंधारात उठायचं, चाचपडत कोयता शोधायचा. रात्री बैलगाडी किंवा ट्रॉली भरून परत यायचं, तेव्हा हातपाय इतके दमलेले की तो कुठे टेकवला हे ध्यानात राहत नाही.

म्हणून लोक काय करतात? चिंधी गुंडाळतात, गोणपाट गुंडाळतात, कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवतं. यातली चिंधी सगळ्यात वाईट. नुकत्याच पाजवलेल्या धारेपुढे चिंधी म्हणजे काहीच नाही, आणि दिसताना मात्र झाकल्यासारखं दिसतं. उघडं पातं निदान दिसतं तरी.

आता कोयत्याला सरळ म्यानच का करू नये, ते बघू. ऊसतोडीचा कोयता रुंद असतो, पुढे आत वळलेला असतो, आणि धार त्या आतल्या वळणावर असते. म्यानात पातं टोकाकडून जातं. तलवारीला वळण असलं तरी ते एकसारखं असतं, आणि पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, म्हणून ती सरकते. कोयत्याचं तसं नाही. पुढचा वळलेला, रुंद भाग आत जाण्यासाठी म्यानाचं तोंड तेवढंच मोठं ठेवावं लागतं. मग मागचा अरुंद भाग आत खुळखुळतो. खुळखुळणारं पातं आतून म्यान कापतं. शिवाय म्यानाला कातडं दुपटीहून जास्त, शिवण लांब, पट्ट्याची सोय वेगळी. इतकं करून मिळतं काय, तर अवजार कंबरेला लटकवण्याची सोय. ऊस तोडणाऱ्याला ती नकोच आहे. त्याचा कोयता दिवसभर हातातच असतो.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली मात्र वगळलेली आहेत. म्हणजे कोयता कायद्याने अवजार आहे. पण गेल्या काही वर्षांत पुण्याकडच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द इतक्यांदा आला, की एसटीत कोयता घेऊन बसलेल्या मजुराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. म्यान घातलं की अवजार हत्यारासारखं दिसायला लागतं. धारेवर खोळ, वर वादी, आणि गाठोड्यात नीट बांधलेलं, असं असलं की ते कामाचंच वाटतं. ही दिसण्याची बाब आहे, मान्य, पण प्रवासात दिसणंही मोजलं जातं. थंड देशांत लाकूडतोडे कुऱ्हाडीच्या धारेवर अशीच कातडी टोपी घालतात.

आता ती बनवायची कशी. इथे जरा सावकाश जाऊ.

कातडं जाड हवं, अडीच ते तीन मिलिमीटर. उस्मानाबादी शेळी जगाला माहीत आहे, पण तिचं कातडं पातळ; हलगीला चांगलं, खोळीला एकेरी पुरत नाही. दोन थर चिकटवून जमेल, पण मग काम दुप्पट. म्हशीचं कातडं या कामाला योग्य. बैलाचं पूर्वी वापरत, पण २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाल्यापासून ते मिळणं अवघड झालं. चपलेचे तळ कापून उरलेले लांबट तुकडे चर्मकाराकडे पडलेले असतात, त्यात एक खोळ सहज निघते. कातडं शक्यतो सालीने कमावलेलं घ्यावं. बाभळीची साल आणि हिरडा ही आपल्याकडची जुनी सामग्री. असं कातडं ओलं करून वळवलं की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. क्रोमवर कमावलेलं मऊ कातडं आकार धरत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या कागदावर पातं ठेवून आतल्या वळणाची रेघ मारा. बाहेरच्या बाजूला धारेपासून बोटभर आणि आत पात्यावर दोन बोटं, एवढं माप ठेवून चंद्रकोरीसारखी दोन पानं रापीने कापा. सरळ पट्टी दुमडून चालेल का, असं बरेच जण विचारतात. सरळ धारेच्या सुरीला चालेल. कोयत्याला नाही: घडी आतल्या लहान वळणावर बसते आणि पट्टीच्या कडांना बाहेरचं मोठं वळण गाठावं लागतं, तिथे कातडं ताणलं जातं आणि खोळ उघडते. म्हणून दोन पानंच.

मग सगळ्यात महत्त्वाचा भाग: मधली पट्टी. दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या रेषेवर, बोटभर रुंदीची कातड्याचीच तिसरी पट्टी चिकटवायची. धार या पट्टीवर टेकते. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर टेकते, आणि आठवड्याभरात खोळ उसवते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पाकिटांत हीच पट्टी वाचवलेली असते. विकत घेताना आधी ती आहे का बघा, नक्षी नंतर.

आरीने समान अंतरावर भोकं पाडायची, दोऱ्याला मेण चोळायचं, आणि दोन सुयांनी समोरासमोरून शिवायचं. असं शिवलं की एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. टोकाकडे शिवण बंद, पण तळाला एक लहान भोक ठेवायचं, आत गेलेलं पाणी निघायला. शेवटी पाठीवरून जाणारी वादी आणि टिचबटण. खोळ ओली करून, पात्याला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून त्यावर बसवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर कातडं आक्रसून तडकतं.

आता हे शिवणार कोण? इथे थोडं अवघड बोलायचं आहे. कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाकडे, शिवण्याचं चांभार समाजाकडे, दोर आणि वाद्यांचं मातंग समाजाकडे, अशी गावगाड्याची वाटणी होती. मोट, नाडा, आसूड, चपला, सगळं यांच्या हातचं; आणि राहायला मात्र गावकुसाबाहेर. विहिरीवर पंप आले आणि मोट गेली, तसं बरंच काम गेलं. बरंच काम लोकांनी जाणूनबुजून सोडलंही. १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढण्यासारखी कामं सोडायला सांगितलं, ते उगीच नव्हे. त्यामुळे 'पारंपरिक कला जपा' असं खोळीच्या निमित्ताने म्हणणं आम्हाला पटत नाही. ज्यांच्या दुकानात आज आरी आणि रापी चालते, त्यांच्याकडे काम म्हणून जावं, माप द्यावं, दर विचारावा, आणि तो घासाघीस न करता द्यावा. एका मुकादमाने आपल्या टोळीच्या तीस-चाळीस खोळी एकदम सांगितल्या तर एखाद्या दुकानाचा पावसाळा निघेल. पावसाळा म्हणजे चपलांच्या धंद्याचा मंदीचा काळ, आणि ऊसतोडीला निघण्याआधीचाही. वेळ जुळते.

वापराबद्दल दोनच सूचना. उसाचा रस लागलेलं पातं खोळीत घालू नका. रस आंबट आणि चिकट, कोयता बहुधा कमानपाट्याच्या पोलादाचा, त्याला गंज लवकर धरतो. मुंग्या येतात ते वेगळंच. शिवाय सालीने कमावलेलं कातडं ओलं असताना लोखंडाला लागलं की दोन्ही काळे पडतात. पुसून, कोरडं करून घाला. हंगाम संपल्यावर मात्र खोळ काढून ठेवा. घरी परतलात, आता आढं आहे. कातडं दमटपणा धरून ठेवतं, त्यामुळे चार महिने खोळीत राहिलेला कोयता उघड्या कोयत्याहून जास्त गंजतो. खोळीला वर्षातून एकदा एरंडेलाचा हात फिरवला की पुरे. करडईचं तेल नको. इथे ते घरोघरी असतं, पण वाळून चिकट थर होतो.

प्रश्न आला आहे की सायकलची ट्यूब फुकट मिळते, मग कातडं कशाला. ट्यूब चिंधीपेक्षा कितीतरी बरी, आणि आज रात्रीच ट्रॉलीत बसायचं असेल तर तीच लावा. पण तिची एक परीक्षा करून बघा: पातं आत घालून ट्यूब धारेवर अंगठ्याने हलकेच सरकवा, दाबू नका. पहिल्याच दिवशी रबरावर बारीक चीर दिसली, तर दोन थर लावा आणि मध्ये टायरचा तुकडा घाला. मधली पट्टी इथेही लागतेच.