एकदाच आणा, दहांना वाटा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे कळंब-लातूर भागातल्या लोकांना चांगले आठवत असेल. पाणी लांबून एकत्र आले आणि मग गावात वाटले गेले. प्रत्येक घराने आपापली घागर घेऊन मिरज गाठायची असती तर? शाळेच्या संगणक-खोलीत मात्र आपण पुष्कळदा नेमके हेच करतो.

समजा, कळंबच्या एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारे दहा संगणक आहेत. प्रत्येकाला ३०० मेगाबाइट सुधारणा हव्या आहेत. इंटरनेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाइट. (८ बिट म्हणजे १ बाइट.) दहाही संगणकांनी स्वतंत्रपणे माल आणला, तर ३००० ÷ ०.२५ = १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे लागतील. एकदाच आणला तर २० मिनिटे!

मग सुधारणा बंदच ठेवल्या तर? प्रोग्रॅममध्ये दोष सापडत राहतात आणि त्यांतल्या काहींमधून परक्या माणसाला आपल्या संगणकात शिरता येते. मुलांची नावे आणि गुण त्याच संगणकात असतात. म्हणून सुधारणा टाळणे बरे नव्हे.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सचे उदाहरण घेऊ. यात सॉफ्टवेअर लहान-मोठ्या पॅकेजमध्ये विभागलेले असते. ‘ॲप्ट-गेट अपडेट’ ही आज्ञा फक्त ताजी यादी आणते. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही आज्ञा त्या यादीशी ताडून जुनी झालेली पॅकेजे आणते आणि बसवते. तिला ‘डाउनलोड-ओन्ली’ हा पर्याय जोडला, तर पॅकेजे नुसती आणून ठेवली जातात. रात्री आणावी, सवडीने बसवावी.

दहा संगणकांसाठी याहून सोपी सोय आहे. एका संगणकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हा प्रोग्रॅम बसवा आणि बाकीच्यांना पॅकेजे त्याच्याकडून मागायला सांगा. पहिल्याने मागितलेले पॅकेज इंटरनेटवरून येते आणि तिथेच साठते. पुढच्या नऊजणांना तेच पॅकेज शाळेतल्या तारेवरून मिळते. या प्रोग्रॅमचा पोर्ट-क्रमांक ३१४२ आहे. गणिताच्या शिक्षकांना तो लक्षात ठेवायला कष्ट पडणार नाहीत! अर्थात, सर्व संगणकांवर डेबियनची एकच आवृत्ती असेल तरच पुरेपूर फायदा होतो.

आता खरा प्रश्न. मधल्या साठ्यातले पॅकेज वाटेत कोणी बदलले नाही, हे कशावरून? त्यासाठी प्रत्येक फाइलवरून गणिताने एक ठसा काढलेला असतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. हे ठसे यादीत असतात, यादीचा ठसा आणखी एका फाइलमध्ये असतो आणि त्या फाइलवर डेबियनची सांकेतिक सही असते. सही तपासण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीपासूनच असते. म्हणून साठा कोणाचाही असला, तरी विश्वास सहीवर ठेवायचा. मात्र पेनड्राइव्हवरून मिळालेले पॅकेज ‘डीपीकेजी’ने थेट बसवले, तर ही तपासणी होत नाही. ते टाळावे.

ठशाची कल्पना वर्गात फळ्यावरही दाखवता येते. ४, ७, २ हे अंक लिहा. बेरीज १३. आता ७, ४, २ लिहा. बेरीज पुन्हा १३! म्हणजे नुसत्या बेरजेला अदलाबदल कळत नाही. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणा. पहिल्या वेळी ४ + १४ + ६ = २४, दुसऱ्या वेळी ७ + ८ + ६ = २१. चोरी पकडली गेली. मग मुलांना विचारा: २४ च बेरीज येईल असे दुसरे तीन अंक सापडतात का? सापडतील. तसे सापडू नयेत म्हणून पद्धतीत काय बदल करावा, हे मुलांनाच शोधू द्या.